एसईबीएसपासून मऊ टीपीई कसं बनवायचं: तेल मुरवण्यापासून साच्यापर्यंत

टूथब्रशच्या दांड्यावर अंगठ्याखाली येणारी मऊ पट्टी, स्क्रूड्रायव्हरची पकड, पाण्याच्या बाटलीच्या झाकणातली रिंग. हाताला ही रबर वाटतात, पण यांना गंधक लावून भट्टीत शिजवलेलं नसतं. प्लास्टिकसारखे दाणे हॉपरमध्ये टाकायचे, वितळवायचे, साच्यात भरायचे आणि थंड झाल्यावर रबर बाहेर काढायचं. उरलेला रनर, म्हणजे साच्याच्या वाटेत गोठलेला माल, दळून पुन्हा वापरता येतो. अशा मालाला थर्मोप्लास्टिक इलॅस्टोमर म्हणजे टीपीई म्हणतात आणि त्यातल्या फार मोठ्या भागाचा पाया असतो एसईबीएस: स्टायरीन-इथिलीन-ब्युटिलीन-स्टायरीन.

आपल्याकडे अनेक छोटे कारखानदार हे दाणे विकत घेतात, थोडा अनुभव आला की स्वतःच बनवायला जातात आणि पहिल्या चार बॅचमध्येच हात पोळतात. माल चिकट येतो, पृष्ठभागावर तेल सुटतं, दाण्यांत गाठी राहतात. यातल्या बहुतेक चुका यंत्राच्या नसतात. माल आतून कसा बांधलेला आहे हे माहीत नसल्यामुळे त्या होतात. म्हणून कृतीकडे जाण्याआधी थोडी रचना समजून घेऊ.

साखळीची दोन टोकं आणि मधलं रबर

एसईबीएसच्या प्रत्येक साखळीचे तीन तुकडे असतात. दोन्ही टोकांना पॉलिस्टायरीन आणि मध्ये लांब, लवचीक रबर. या दोघांचं एकमेकांशी पटत नाही, पण एकाच साखळीत बांधलेले असल्यामुळे लांबही जाता येत नाही. मग शेजारपाजारच्या साखळ्यांची टोकं एकत्र येऊन दहा ते तीस नॅनोमीटरच्या कडक गाठी करतात आणि मधलं रबर त्या गाठींमध्ये ताणलेल्या दोरीसारखं राहतं. साध्या रबरात गंधक जे काम करतं, ते इथे या गाठी करतात. फरक एवढाच की पॉलिस्टायरीन १०० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं, म्हणून तापवल्यावर गाठी ढिल्या होतात आणि थंड झाल्यावर पुन्हा बसतात.

अशा शिस्तीच्या साखळ्या बनवता येऊ लागल्या त्या 'जिवंत' अॅनायनिक पॉलिमरायझेशनमुळे, म्हणजे साखळीचं टोक बंद न होता वाढत राहतं अशा जोडणीमुळे. मायकेल श्वार्त्स यांनी १९५६ मध्ये ती दाखवली. शेल कंपनीने १९६५ मध्ये क्रेटॉन नावाने स्टायरीन-ब्युटाडाईन-स्टायरीन, म्हणजे एसबीएस, बाजारात आणलं. बुटांच्या तळव्यांत आणि रस्त्याच्या डांबरात ते आजही जातं. पण त्याच्या मधल्या रबरात दुहेरी बंध उरलेले असतात. ऊन, ओझोन आणि यंत्रातली उष्णता नेमकी तिथेच चावते. उन्हात टाकलेल्या जुन्या चपलेचा तळवा तडकतो तो यामुळे.

उपाय घरातल्या वनस्पती तुपासारखाच: दुहेरी बंध हायड्रोजनने भरून टाकायचे. निकेल किंवा कोबाल्टचं संयुग अॅल्युमिनिअम अल्किलसोबत उत्प्रेरक म्हणून वापरून हायड्रोजन असा चढवतात की ब्युटाडाईनचे बंध भरले जातात आणि स्टायरीनची कडी तशीच राहतात. १९७२ मध्ये शेलने हा हायड्रोजनीकृत प्रकार, म्हणजे एसईबीएस, आणला. यातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट अशी की ब्युटाडाईन सगळं सरळ साखळीत जोडलं गेलं असतं, तर हायड्रोजन चढवल्यावर रबर नव्हे, पॉलिथिन मिळालं असतं. स्फटिक होऊन ते कडक झालं असतं. म्हणून पॉलिमरायझेशनच्या वेळीच ३५ ते ४० टक्के किंवा त्याहून जास्त ब्युटाडाईन बाजूला फांदी ठेवून जोडतात. ती फांदी हायड्रोजनीकरणानंतर 'ब्युटिलीन' होते, स्फटिक होऊ देत नाही आणि रबर उणे ५० अंशांच्या पलीकडेही लवचीक राहतं.

आता पुढच्या प्रत्येक पायरीवर एकच गोष्ट लक्षात ठेवा: तेल मधल्या रबरात गेलं पाहिजे, टोकांच्या गाठींत जाता कामा नये. तेलाची निवड, मिसळण्याचा क्रम, तापमान, सगळं यावर ठरतं.

पहिली पायरी: माल काय करणार आहे ते लिहून काढा

'मऊ पाहिजे' ही मागणी नव्हे. शोअर ए (मऊ रबराचा कडकपणा मोजायची शून्य ते शंभरची पट्टी) कडकपणा किती, भाग कशावर चिकटवायचा आहे, सतत दाबून राहणार आहे का, किती तापमानाला, उन्हात का, आणि अन्नाला लागणार का, या सहा प्रश्नांची उत्तरं मोल्डरकडून, म्हणजे तुमचे दाणे घेऊन साच्यात वस्तू बनवणाऱ्याकडून, लेखी घ्या.

एसईबीएसचा टीपीई जिथे टिकत नाही त्या जागा आधीच ओळखा. पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल यांत तो फुगतो. ८०-९० अंशांना महिनोन् महिने दाबून राहणारं सील असेल, तर गाठी हळूहळू सरकतात आणि भाग चपटा होतो. तिथे टीपीव्ही (आतलं रबर व्हल्कनाइज केलेला टीपीई), ईपीडीएम रबर किंवा सिलिकॉन सुचवा. नकार दिलेली ऑर्डर परत आलेल्या मालापेक्षा स्वस्त पडते.

या लेखासाठी मी एक साधं उदाहरण धरतो: पीपीच्या (पॉलिप्रॉपिलीनच्या) दांड्यावर चढवायची मऊ पकड, कडकपणा ५५ ते ६५ शोअर ए, रंगीत, घरात वापरायची.

दुसरी पायरी: कच्चा माल निवडा

एसईबीएसच्या डेटा शीटवर दोन आकडे पाहा. पहिला स्टायरीनचं प्रमाण. तेल भरून करायच्या कंपाउंडला ३० ते ३३ टक्के लागतं. १३ टक्क्यांचे ग्रेड, जसा क्रेटॉन जी १६५७, पारदर्शक फिल्म, चिकटद्रव्यं किंवा पीपी लवचीक करायला चांगले, पण १०० भागांत १२० भाग तेल पेलण्याची ताकद त्यांच्यात नाही. दुसरा आकडा रेणुभाराचा. तो सरळ दिलेला नसतो, टोल्यूइनमधल्या द्रावणाच्या व्हिस्कॉसिटीवरून (दाटपणावरून) ओळखायचा. क्रेटॉनच्या ओळीत जी १६५२ हलका, जी १६५० मध्यम आणि जी १६५१ जड. तैवान आणि चीनहून येणाऱ्या मालातही असेच हलके, मध्यम, जड प्रकार असतात. डेटा शीटवर मेल्ट फ्लोसमोर (वितळलेला माल किती वाहतो त्या अंकासमोर) 'वाहत नाही' असं लिहिलं असेल तर घाबरू नका, जड ग्रेडची ती खूणच आहे. त्याच्या गाठी २३० अंशांनाही पूर्ण विरघळत नाहीत, म्हणून एकटा एसईबीएस यंत्रातून जात नाही. तेल आणि पीपी त्याला वाहतं करतात.

जड ग्रेड जास्त तेल धरतो, दाबाखाली कमी चपटा होतो, पण त्याला चांगला ट्विन-स्क्रू, म्हणजे दोन स्क्रूचा एक्स्ट्रूडर, लागतो. तुमच्याकडे निडर (माल मळणारं यंत्र) आणि सिंगल स्क्रूच असेल तर मध्यम ग्रेडने सुरुवात करा. जड ग्रेड सिंगल स्क्रूवर ओढायचा हट्ट धरलेले लोक मी पाहिले आहेत. दाण्यांतले न फुटलेले कण शेवटपर्यंत गेले नाहीत. आणि माल पावडरीत किंवा सच्छिद्र भुग्यात घ्या. घट्ट दाण्यांत तेल शिरत नाही.

तेलाबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण इथेच सर्वाधिक नुकसान होतं. हवं पॅराफिनिक पांढरं तेल, ज्याला बाजारात व्हाइट ऑइल किंवा लिक्विड पॅराफिन म्हणतात. ४० अंशांना व्हिस्कॉसिटी साधारण ६० ते १०० सेंटिस्टोक्स आणि फ्लॅश पॉइंट (वाफ पेट घेऊ शकते ते तापमान) २२० अंशांच्या वर. पॅराफिनिक तेलाचं रसायन मधल्या रबराशी जुळतं, म्हणून ते तिथेच राहतं. रबराच्या कारखान्यात मिळणारं अॅरोमॅटिक प्रोसेस ऑइल मात्र पॉलिस्टायरीनला विरघळवतं. ते गाठींत शिरलं की गाठीच मऊ होतात आणि रबर बांधून ठेवणारं काही उरत नाही. नॅफ्थेनिक तेल मधलं आहे, तरी ते टाळाच. माझ्या सुरुवातीच्या काळात एका पुरवठादाराने 'हे पण पांढरंच आहे' म्हणून स्वस्त तेल दिलं आणि मी कागद न मागता घेतलं. दाणे पहिल्या दिवशी उत्तम दिसले. पंधरा दिवसांनी पोती उघडली तर माल चिकटून ढेकूळ झाला होता आणि कडकपणा ८ अंकांनी उतरला होता. तेव्हापासून प्रत्येक ड्रमच्या लॉटचा अहवाल आल्याशिवाय झाकण उघडत नाही. फार पातळ तेलही नको. ते बॅरलमध्ये उडून जातं, धूर होतो आणि साच्यावर थर धरतो.

पीपी होमोपॉलिमर घ्या, मेल्ट फ्लो १० ते १२ च्या आसपास. पीपी आणि तेल प्यायलेलं एसईबीएस एकमेकांत गुंतलेल्या दोन जाळ्यांसारखे बसतात. पीपी १६० अंशांच्या पुढे वितळतो, म्हणून मालाला उष्णतेत उभं राहण्याचं बळ त्याच्याकडून मिळतं. कडकपणा आणि प्रवाहही तोच ठरवतो. जास्त मऊ स्पर्श हवा असेल तर रँडम कोपॉलिमर वापरून पाहा.

फिलर म्हणून बारीक, स्टिअरिक अॅसिडचा लेप दिलेला कॅल्शिअम कार्बोनेट. फिनॉलिक आणि फॉस्फाइट अँटिऑक्सिडंटची जोडी. बाहेर वापरायचं असेल तर यूव्ही शोषक आणि एचएएलएस (उन्हापासून वाचवणारं अमाइन प्रकारचं रसायन). एसईबीएसला ऊन फारसं लागत नाही, पण आतल्या पीपीला लागतं.

तिसरी पायरी: सूत्र मांडा, आणि किलोबरोबर लिटरही मोजा

रबरवाल्यांच्या पद्धतीने १०० भाग रबर धरून मांडू: एसईबीएस १००, तेल १२०, पीपी ४०, कॅल्शिअम कार्बोनेट ४०, अँटिऑक्सिडंट मिळून ०.६, घसरणीसाठी मेण किंवा एरुकामाइड ०.६. एकूण ३०१.२ भाग. ५० किलोच्या बॅचसाठी प्रत्येक आकड्याला ०.१६६ ने गुणा: एसईबीएस १६.६ किलो, तेल १९.९, पीपी ६.६४, कार्बोनेट ६.६४, अँटिऑक्सिडंट १०० ग्रॅम, मेण १०० ग्रॅम. यातून ५५ ते ६५ शोअर ए च्या टप्प्यातला माल अपेक्षित आहे. नेमका अंक तुमच्या ग्रेडवर ठरेल, म्हणून ही पहिली चाचणी समजा. मऊ करायचं असेल तर आधी पीपी कमी करा, मग तेल वाढवा. कडक करायचं तर उलट. एका वेळी एकच आकडा हलवा आणि तीन बॅचचा आलेख काढा. पुढे कोणताही कडकपणा मागितला तरी तो आलेखच उत्तर देईल.

आता घनतेचा हिशोब. एसईबीएस ०.९१, तेल ०.८७, पीपी ०.९०, कार्बोनेट २.७. प्रत्येकाचं वजन त्याच्या घनतेने भागा: १०९.९, १३७.९, ४४.४, १४.८. बेरीज ३०७. वजन ३०० भाग, म्हणजे घनता ०.९८. मोल्डर भाव कमी करायला सांगतो तेव्हा पहिला मोह कार्बोनेट वाढवायचा होतो. ते ४० वरून १४० केलं तर आकारमान ३४४ आणि वजन ४०० होतं, घनता १.१६. किलोचा भाव उतरला, पण प्रत्येक नग १९ टक्के जड झाला. मोल्डर नग विकतो, किलो नव्हे. म्हणून भाव नेहमी लिटरवर काढून त्याच्यासमोर ठेवा. शिवाय एवढ्या कार्बोनेटने माल फाटायला सोपा होतो आणि दाबल्यावर परत येणंही बिघडतं. ५०-६० भागांच्या वर मी तरी जात नाही.

चौथी पायरी: तेल मुरवा

संपूर्ण कामातली ही सर्वांत महत्त्वाची पायरी आणि घाईत हीच कापली जाते. लोणचं मुरायला वेळ लागतो तसंच इथे आहे.

हाय-स्पीड मिक्सरमध्ये फक्त एसईबीएस टाका. गती कमी ठेवा, कारण घर्षणाने भुगा तापतो आणि ६० अंशांच्या वर गेला की चिकटून गोळे होतात. तेल ५०-६० अंशांना कोमट करून घ्या, पातळ झालं की लवकर शिरतं. ८ ते १० मिनिटं घेऊन बारीक धारेने सोडा, एकदम ओतू नका. एकदम ओतलेलं तेल तळाशी साचतं. खालचा भुगा चिखल होतो आणि वरचा कोरडा राहतो. सगळं तेल गेल्यावर आणखी ५ मिनिटं फिरवून माल बाहेर काढा आणि झाकलेल्या पिशव्यांत ८ ते १२ तास ठेवा. रात्रभर ठेवायची सवय लावून घ्या.

सकाळी मूठभर घेऊन घट्ट दाबा आणि तळहात पांढऱ्या कागदावर टेका. कागदावर ओला डाग उमटला तर तेल अजून बाहेर आहे. भुगा मोकळा, कोरडा वाटला आणि डाग पुसट असला की झालं. सच्छिद्र जड ग्रेड १०० ते १५० भाग तेल असं कोरडेपणाने पितो. त्याहून जास्त तेल लागत असेल तर उरलेलं यंत्राच्या बॅरलमध्ये पंपाने सोडायचं, मिक्सरमध्ये नाही.

यानंतर पीपी आणि अँटिऑक्सिडंट, आणि सर्वांत शेवटी कार्बोनेट. क्रम चुकवू नका. कार्बोनेट आधी टाकलं तर ते रबराच्या वाट्याचं तेल पितं, त्याचे ओले गोळे होतात आणि हे गोळे ट्विन-स्क्रूतूनही पांढरे ठिपके म्हणून बाहेर येतात. रबराची पावडर हलकी असते, हवेत उडते आणि स्थिर वीज धरते, तेव्हा मिक्सर आणि लोखंडी टाकी दोन्ही अर्थिंगला जोडलेले असू द्या.

पाचवी पायरी: ट्विन-स्क्रूवर

एकाच दिशेने फिरणारा ट्विन-स्क्रू, लांबी व्यासाच्या ४० ते ४८ पट. तापमान हॉपरजवळ १६०-१७०, मग १९०, २००, २१०, डायला (माल बाहेर पडतो त्या तोंडाला) २०० ते २१०. स्क्रू मिनिटाला ३०० ते ४०० फेरे. वितळलेल्या मालाचं खरं तापमान डायपाशी सुई घालून मोजा. पॅनेलवरचा आकडा बॅरलचा असतो, मालाचा नव्हे. २२० ते २३५ दिसलं तर ठीक. २५० च्या पुढे तेल उडू लागतं आणि रंग पिवळा पडतो.

तेलकट माल सुरुवातीच्या भागात घसरतो. अॅम्पियर कमी-जास्त होत राहिले तर फीडर हळू करा आणि फीडच्या भागाचं तापमान १० अंशांनी खाली आणा. ते वाढवण्याची चूक बहुतेक जण करतात. डायआधीच्या व्हेंटवर व्हॅक्यूम हवाच: कार्बोनेटची ओल आणि तेलाचा हलका भाग तिथेच निघतो. व्हॅक्यूम बंद असताना बनलेल्या मालाला वास येतो आणि मोल्डरकडे नगावर चंदेरी रेघा उठतात.

स्ट्रँड, म्हणजे डायमधून येणारी मालाची दोरी, सुरू झाला की थोडा गरम माल हातमोज्याने ओढून पातळ पडदा करा आणि ट्यूबलाइटसमोर धरा. बारीक पारदर्शक दाणे दिसले तर जड एसईबीएस पूर्ण फुटलेलं नाही. स्क्रूवर मळणारे ब्लॉक कमी आहेत, किंवा माल जास्त वेगाने जातोय, किंवा तेल मुरलं नव्हतं. तिसरं कारण आधी तपासा. माझ्या अनुभवात दहापैकी सात वेळा तेच निघतं. हा पडदा दर अर्ध्या तासाने करा, खर्च शून्य आहे.

निडर वापरणाऱ्यांसाठी एवढंच: मुरवलेला माल आणि पीपी टाकून १८०-१९० अंशांपर्यंत मळा, पीपी पूर्ण वितळल्याची खात्री करा, मग सिंगल स्क्रूला द्या.

४० शोअर ए च्या खालचा माल पाण्याच्या टबातून ओढून कापायला गेलात तर तो ताणतो आणि कटरला गुंडाळतो. त्यासाठी पाण्याखाली कापणारा कटर लागतो. दाणे पोत्यात भरण्यापूर्वी पूर्ण गार झाले पाहिजेत, आणि ०.१ ते ०.२ टक्के बारीक ईबीएस (इथिलीन बिस-स्टिअरामाइड) मेण वरून चोळलं पाहिजे. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली पोत्यावर पोती दहा थर लावली की खालच्यांचे ढेकूळ होतात. मऊ माल चार थरांच्या वर लावू नये.

सहावी पायरी: तपासणी

कडकपणा मोजायला ६ मिलिमीटर जाडीचा तुकडा लागतो. मोल्ड केल्यावर एक दिवस ठेवून २३ अंशांना मोजा. काटा टेकवल्याबरोबरचा अंक आणि १५ सेकंदांनंतरचा अंक यांत चांगलाच फरक पडतो, म्हणून कोणता अंक धरायचा ते मोल्डरशी आधीच ठरवा आणि प्रमाणपत्रावर लिहा. 'तुमचा माल ५ अंकांनी मऊ आहे' असे निम्मे वाद याच सेकंदांचे असतात. पद्धत आयएसओ ८६८ किंवा एएसटीएम डी २२४०.

दाबून राहणाऱ्या भागांसाठी कम्प्रेशन सेट (दाब काढल्यावरही उरलेला चपटेपणा), एएसटीएम डी ३९५ ची पद्धत बी. १२.५ मिलिमीटरची गोळी ९.५ पर्यंत दाबून ७० अंशांना २२ तास ठेवायची, सोडून अर्ध्या तासाने मोजायची. समजा ती ११.४ भरली. दाबलं होतं ३.०, परत आली नाही ती १.१, म्हणजे सेट ३७ टक्के. एसईबीएसच्या मालाला ७० अंशांना ३५ ते ५० हे साधारण अंक. घरच्या तापमानाला तो पुष्कळ कमी येतो, १०० अंशांना फारच बिघडतो. सेट सुधारायचा असेल तर जड ग्रेड घ्या. आणखी हवा असेल तर पॉलिफिनिलीन ईथर मिसळण्याचा मार्ग आहे. ते पॉलिस्टायरीनमध्ये पूर्ण मिसळतं आणि गाठींचा मऊ पडण्याचा बिंदू वर नेतं.

तेल सुटतंय का हे पाहायला प्रयोगशाळा नको. दोन-तीन चकत्या ट्रेसिंग पेपरवर ठेवा, वर थोडं वजन द्या, ७० अंशांच्या ओव्हनमध्ये ३ दिवस ठेवा. कागदावर चकतीभोवती तेलाचं वर्तुळ पसरलं तर सूत्रात तेल जास्त आहे, किंवा ग्रेड हलका आहे, किंवा तेल चुकीचं आहे.

मेल्ट फ्लो जरूर काढा, पण त्यावर साचा भरेल का हे ठरवू नका. हा माल वेगाने ढकलला की एकदम पातळ होतो, सावकाश ढकलला की हटून बसतो. मेल्ट फ्लोचं यंत्र त्याला सावकाश ढकलतं.

मोठी उपकरणं स्वतः घ्यायची गरज नाही. छत्रपती संभाजीनगरच्या सिपेट या सरकारी प्लास्टिक संस्थेसारख्या केंद्रांत चाचण्या करून मिळतात.

सातवी पायरी: मोल्डरला काय सांगायचं

तुमचा माल चांगला असूनही मशीनवर बिघडू शकतो, म्हणून पहिल्या चाचणीला स्वतः जा. बॅरल १९० ते २२०, साचा ३० ते ५० अंश. भाग भरत नसेल तर मोल्डरचा हात तापमानाकडे जातो. त्याला आधी इंजेक्शनची गती वाढवायला सांगा. मशीनवर आधी पीव्हीसी चालला असेल तर पीपीने पूर्ण साफ करून घ्या. रंगासाठी पीपीच्या पायाचं मास्टरबॅच (घट्ट रंगाचे दाणे) वापरा. एबीएस किंवा पीव्हीसीच्या पायाचं टाकलं की नग पापुद्र्यासारखा सुटतो. साच्याचा पृष्ठभाग आरशासारखा नको. मऊ रबर त्याला चिकटून बसतं, स्पार्क केलेलं टेक्स्चर बरं.

पीपीच्या दांड्यावर चढवताना चिकटण्याचं काम वितळलेला टीपीई करतो: त्याने पीपीचा वरचा पातळ थर वितळवला पाहिजे. म्हणून इथे मालाचं तापमान २३० ते २५०, पण तो बॅरलमध्ये ताटकळत राहता कामा नये. मऊ थराची जाडी दीड मिलिमीटरच्या खाली नको, नाहीतर तो पीपीला वितळवण्याआधीच गार होतो. आणि सिलिकॉनचा स्प्रे कारखान्यात बंद. दांड्यावर त्याचा अंश असला तरी चिकटणं संपलं. तपासायला मऊ पट्टी ब्लेडने थोडी सोडवून पकडीने ओढा. रबर फाटलं आणि दांड्यावर अंश राहिला तर जोड पक्का. पट्टी स्वच्छ सालीसारखी निघाली तर नाही.

दांडा एबीएस, पॉलिकार्बोनेट किंवा नायलॉनचा असेल तर साधा एसईबीएसचा माल त्याला धरत नाही. नायलॉनसाठी मॅलेइक अॅनहायड्राइड जोडलेला एसईबीएस, जसा क्रेटॉन एफजी १९०१, सूत्रात घ्यावा लागतो. एबीएस आणि पॉलिकार्बोनेटसाठी वेगळी ध्रुवीय पॉलिमर मिसळतात. ते काम सुरुवातीला घेऊ नका.

डब्याचं गास्केट मागितलं तर

ही मागणी येतेच, म्हणून वेगळं लिहितो. एसईबीएस स्वतः सौम्य पदार्थ आहे आणि अन्नाच्या संपर्कासाठी त्याचे ग्रेड मिळतात. प्रश्न तेलाचा आहे. ते रबरात बांधलेलं नसतं, फक्त मुरलेलं असतं, आणि समोर स्निग्ध पदार्थ आला की बाहेर येऊ लागतं. आपल्याकडच्या डब्यात उसळीवरचा तवंग असतो, लोणच्याचा खार असतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत एकूण स्थलांतराची मर्यादा ६० मिलिग्रॅम प्रति किलो किंवा १० मिलिग्रॅम प्रति चौरस डेसिमीटर आहे, आणि चाचणी आयएस ९८४५ प्रमाणे होते. पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला जो माल आरामात पास होतो, तोच स्निग्ध अन्नाच्या चाचणीत नापास होऊ शकतो.

पांढरं तेल खाद्य किंवा औषधी दर्जाचं असलं तरी ही मर्यादा सुटत नाही. म्हणून पाण्याच्या वस्तूंसाठी माल द्या, अहवाल स्वतःच्या कंपाउंडवर आणि तयार नगावर काढा. कच्च्या मालाच्या पुरवठादाराचं पत्र पुरत नाही. तेलकट पदार्थांना थेट लागणाऱ्या गास्केटसाठी कमी तेलाचं, कडक सूत्र करून चाचणी घ्या, आणि तरीही अंक काठावर आला तर ग्राहकाला सिलिकॉन वापरायला सांगा. लोणच्याच्या बरणीच्या सीलसाठी मी जास्त तेलाचा टीपीई देत नाही.

नमुने आणि रनर

मोल्डरकडचा स्वच्छ रनर दळून २०-२५ टक्क्यांपर्यंत परत टाकता येतो. पण त्यात पीपीचे दांडे आले असतील तर कडकपणा चढेल, ते वेगळं करा. प्रत्येक लॉटचे अर्धा किलो दाणे, एक ६ मिलिमीटरची चकती आणि ट्रेसिंग पेपरचा तो कागद तारीख टाकून वर्षभर ठेवा. चकतीवर सहा महिन्यांनी पुन्हा शोअर मीटर टेकवा आणि पहिल्या अंकाशेजारी दुसरा लिहा. तेल बदललं, ग्रेड बदलला किंवा मुरवण्याचे तास कापले गेले तर ते या वहीत, कोणी सांगण्याआधी, दिसतं.